स्वतःच लिहिलेलं शिफारसपत्र

मी ज्या माश्यांवर पीएच.डी. करायचं ठरवलं होतं, त्यांना आमच्या घरात नाव नव्हतं. आग्या मोहोळाला नाव होतं, सातेरीला होतं, लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यालाही होतं. पण गोठ्याच्या मातीच्या भिंतीत भोकं पाडून राहणाऱ्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या या माश्यांना आई नुसतं ‘भिंतीतल्या’ म्हणायची. त्या पोळं करत नाहीत, मध साठवत नाहीत, सहसा चावतही नाहीत. त्यांना हाक मारायची वेळ कुणावर आली नव्हती.

आगाशीहून राजोडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वाडी होती. केळी, थोडी पानवेल, कुंपणाला जास्वंद आणि अबोली, आणि पाऊस सरला की वांगी. गुरं जाऊन बरीच वर्षं झाली होती. रिकामा गोठा पाडून तिथे पंपाची खोली बांधायची असं बाबांनी ठरवलं, तेव्हा मी एम.एस्सी. होऊन विरारच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासांवर शिकवत होते. तीन भिंती पाडून झाल्यावर मी त्यांना चौथी राहू द्या म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. पंपाची खोली चार हात पलीकडे बांधली, आणि दर पावसाळ्याआधी त्या एकट्या भिंतीवर झावळ्या घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. येणारेजाणारे विचारत, ही भिंत कसली? बाबा म्हणत, पोरीची आहे.

खरं तर त्या माशीकडे माझं लक्ष बाबांमुळेच गेलं. एकदा सकाळी वांगी तोडताना त्यांनी मला जवळ बोलावलं. ते घरात आमच्या बोलीतच बोलायचे; इथे मी ते साध्या मराठीत लिहिते आहे.

“ऐक बाय,” ते म्हणाले. “ही बसली की फूल बोलतं.”

माशी फुलाला सहाही पायांनी बिलगली होती आणि एकदम बारीक, चढा आवाज येत होता. उडतानाचा तिचा आवाज वेगळा, आणि हा वेगळा. ती उडाली तेव्हा तिच्या छातीवर पिवळी पूड होती. पुस्तकातलं मला माहीत होतं: वांग्याच्या फुलातला पराग मिठाच्या बाटलीतल्या मिठासारखा आत कोंडलेला असतो, नुसतं बसून मिळत नाही, फूल थरथरवावं लागतं, पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही, या माशीला जमतं. पण मी ते परीक्षेत लिहिलं होतं, ऐकलं नव्हतं. बाबांनी ऐकलं होतं, आणि त्यांना ते कुठे लिहायचं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वह्या लिहायला लागले. कॉलेज दुपारचं होतं, त्यामुळे सकाळ मोकळी असे. वाफ्याच्या कडेला पाट टाकून बसायचं, किती फुलांवर कोण आलं, किती वेळ थांबलं, हे लिहायचं. मग भिंतीपाशी जायचं. भिंतीवरच्या एकेका भोकाला मी खडूनं आकडा दिला होता. कधी पेपर तपासायचे असले की बसणं व्हायचं नाही. कधी लग्नकार्यं, कधी आईचं दुखणं. सुट्टी असली की मात्र मी उन्हं चढेपर्यंत बसायची. वाडीत कामाला येणारी मिठागराकडची एक म्हातारी मला रोज पाहायची. एकदा तिनं आईला बाजूला घेऊन विचारलं की पोरीला कुणी काही केलंय का. मग मात्र तिला दया आली असावी. माझ्यासाठी तांब्या आणून ठेवायची आणि म्हणायची, पानी पी, माशा कुठं जात नाय.

अशी तीन वर्षं झाली. फेलोशिपच्या परीक्षेला मी दोनदा बसले आणि दोनदा थोडक्यात राहिले. त्या परीक्षेशिवाय पीएच.डी.ला पैसे मिळणं अवघड, आणि पैशांशिवाय घर सोडून राहणं आमच्यासारख्यांना शक्य नव्हतं. तेवढ्यात एम.एस्सी.च्या एका मैत्रिणीनं एका जाहिरातीची झेरॉक्स पोस्टानं पाठवली. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेला रानटी मधमाश्यांवरच्या प्रकल्पासाठी तीन विद्यार्थी हवे होते. पाच वर्षं विद्यावेतन, राहायची सोय, पीएच.डी.ची नोंदणी. परीक्षेची अट नव्हती. वयाची होती: अठ्ठावीस पूर्ण झालेली नसावीत. मला अठ्ठाविसावं संपायला चारेक महिने होते.

मी ती झेरॉक्स इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. आपल्याखेरीज आणखी कुणाला या माश्या दिसतात, हेच मला आधी खरं वाटेना. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तेव्हा नालासोपाऱ्याच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं आणि आमच्याकडून उत्तर जायचं होतं. तिनं एवढंच विचारलं की त्यांना काय कळवायचं. मी म्हटलं, थोडं थांबायला सांग. तिनं सांगितलं. ते थांबले नाहीत, आणि तिनं त्यावरून मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला पुढे अनेकदा वाटलं.

अर्जाबरोबर दोन शिफारसपत्रं हवी होती. एक आमच्या प्राचार्यांनी दोन ओळींत दिलं. दुसरं माझ्या एम.एस्सी.च्या सरांकडून हवं होतं, आणि महत्त्वाचं तेच होतं, कारण संशोधनाबद्दल बोलू शकणारे तेवढेच. मी मुंबईला त्यांच्या कॉलेजात गेले. काचेच्या बरण्यांनी भरलेल्या त्याच खोलीत ते बसले होते. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला, वसईची केळी आता पूर्वीसारखी मिळत नाहीत म्हणाले. मग जाहिरात वाचून ती परत माझ्या हातात दिली.

“तूच लिहून आण,” ते म्हणाले. “मला आता कुठे सगळं आठवतंय? मी सही करतो.”

यात काही वावगं नव्हतं. सगळेच सर असं सांगत, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी गांगरले. घरी येऊन कागद पुढे घेतला. स्वतःबद्दल, पण सरांच्या तोंडून, इंग्रजीत लिहायचं होतं. पहिल्या वाक्यात मी ‘असामान्य’ या अर्थाचा शब्द घातला आणि लगेच खोडला. असामान्य कशी? परीक्षेत दोनदा राहिलेली. मग ‘हुशार’ लिहिलं. तेही खोडलं. आमच्या घरात आपल्या तोंडानं आपली तारीफ करणाऱ्याची टिंगल व्हायची. माझ्या एका काकांना सगळे त्यावरूनच ओळखत. कागदावर सरांचं नाव येणार होतं, पण लिहिणारा हात माझा होता आणि त्या हाताला लाज वाटत होती.

शेवटी मी जे लिहिलं त्याचा मराठीत अर्थ असा होता: ‘ही विद्यार्थिनी प्रामाणिक, नियमित आणि कष्टाळू आहे. योग्य मार्गदर्शन मिळाल्यास ती समाधानकारक काम करील असे मला वाटते.’ ते वाचून मला हायसं वाटलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. सरांनी न वाचता सही केली, शिक्का मारला, पाकीट बंद केलं, आणि मला शुभेच्छा दिल्या.

अर्ज विरारच्या सायबर कॅफेत टाईप केला. आपण काय काम केलं आणि पुढे काय करायचंय याची तीन पानं लिहायची होती. दुसऱ्या पानावर वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिलं. दुसऱ्यांदा ते थोडं कोरडं झालं. पहिल्यांदा लिहिलेलं बाबांचं वाक्य, फूल बोलतं ते, मी दुसऱ्यांदा घातलं नाही. संस्थेतल्या लोकांना ते पोरकट वाटेल असं वाटलं.

दीड महिन्यानं मुलाखतीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की नमुने जमवलेले असल्यास सोबत आणावेत. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, थर्माकोलवर टोचलेल्या माश्या होत्या. टाचण्या साध्या शिवणकामाच्या असल्यानं खाऱ्या हवेत गंजल्या होत्या, आणि गंज माश्यांच्या पाठीवर उतरला होता. वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या चुलतभावानं न गंजणाऱ्या तारेचे बारीक तुकडे करून, एका टोकाला घासून आणून दिले. बाबा आणि मी ओटीवर बसून एकेक माशी जुन्या टाचणीवरून काढून नव्या तारेवर बसवत होतो. बाबांची बोटं जाड, पण त्यांच्या हातून एकही पाय तुटला नाही. माझ्या हातून बरेच तुटले.

बाबा माझ्याबरोबर आले. ते त्याआधी कधी राज्याबाहेर गेले नव्हते. डबा त्यांनी सबंध प्रवासात मांडीवर धरला. समोरच्या माणसानं विचारलं, मिठाई आहे का, तर म्हणाले, हो.

मुलाखत इंग्रजीत झाली. टेबलापलीकडे तिघं होते, दोन पुरुष आणि मधे एक पन्नाशीच्या बाई, ज्यांचा तो प्रकल्प होता. सुरुवात बरी झाली. वांग्याच्या फुलाबद्दल मी सांगितलं, भिंतीबद्दल सांगितलं, खडूच्या आकड्यांबद्दल सांगितलं. बाई पुढे झुकून ऐकत होत्या. मग डावीकडच्या गृहस्थांनी विचारलं की रोज निरीक्षणाची वेळ कोणती आणि किती मिनिटांची. मी म्हटलं, सकाळी, जमेल तेवढा वेळ.

“म्हणजे वेळ ठरलेली नव्हती?”

“नाही.”

“मग एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना कशी करणार?”

प्रश्न इतका साधा होता की तीन वर्षांत तो मला पडला नव्हता. मी सुट्टीच्या दिवशी तीन तास बसले होते आणि कामाच्या दिवशी वीस मिनिटं, आणि दोन्हीकडच्या माश्या एकाच रकान्यात मोजल्या होत्या. बसण्याची वेळ लिहिली होती, उठण्याची बहुतेक दिवशी लिहिली नव्हती.

बाईंनी डबा उघडायला सांगितला. भिंग डोळ्याला लावून त्या बराच वेळ एकेक माशी पाहत होत्या. मग त्यांनी दोन तारा काढून माझ्यासमोर शेजारी शेजारी टोचल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. हा पट्टा हिरवट आहे, हा निळा आहे, त्या म्हणाल्या. तोंडावरच्या खुणा बघा. या दोन वेगळ्या जाती आहेत.

मी पाहिलं. एकदा दाखवल्यावर ते स्पष्ट दिसत होतं. तीन वर्षं मी दोन जातींना एक समजून मोजत आले होते. बाई हे रागानं म्हणाल्या नाहीत. नमुने चांगले ठेवलेत असंही म्हणाल्या. त्यानं मला जास्त लागलं.

शेवटी उजवीकडच्या गृहस्थांनी माझ्या फाईलमधून सरांचं पत्र काढलं. तोपर्यंत ते काही बोलले नव्हते.

“तुमच्या सरांनी दोन वर्षं तुम्हाला शिकवलं,” ते म्हणाले. “आणि त्यांना वाटतं की मार्गदर्शन मिळालं तर तुम्ही समाधानकारक काम कराल. याहून जास्त काही त्यांना का वाटलं नसेल?”

ते मीच लिहिलंय, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर सरांची सही खोटी ठरली असती आणि मीही. मी म्हणाले की सरांना कदाचित माझं काम आवडलं नसेल. तिघांनी एकाच वेळी कागदाकडे पाहिलं. त्यांनी माझे आभार मानले आणि मी बाहेर आले.

बाबा आवारातल्या एका झाडाखाली उकिडवे बसले होते. मी येताना दिसले तसे उठले. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कळवतील. ते मान हलवून मला झाडामागे घेऊन गेले. तिथल्या कुंपणाच्या मातीच्या बांधाला भोकं होती. इथेही आहेत, ते म्हणाले, आपल्यासारख्याच. त्यांना वाटत होतं की ही चांगली खूण आहे. मी त्या भोकांकडे पाहिलं आणि या दोनांपैकी कोणती जात असेल ते मला ओळखता येईना.

पत्र आलं तेव्हा पावसाळा अर्धा झाला होता. निवड झालेल्या तिघांत मी नव्हते. प्रतीक्षा यादीत पहिली होते. तिघांपैकी कुणी आलं नाही तर मला बोलावणार होते. पुढचे तीन महिने मी आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जाऊन ई-मेल उघडून बघत होते. या काळात मला माझीच एक सवय कळली, जी मला आवडली नाही. कधी न पाहिलेल्या तीन माणसांबद्दल मी रोज काही ना काही इच्छित होते. कुणाला परदेशी बोलावणं यावं. कुणाचं लग्न ठरावं. एकदा तर याहून वाईटही मनात आलं. त्यातच माझा वाढदिवस होऊन गेला, अठ्ठावीस पूर्ण झाली. मग यादी रद्द झाल्याचं दोन ओळींचं ई-मेल आलं. तिघेही रुजू झाले होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मला एक पत्र आलं, हातानं लिहिलेलं, इंग्रजीत. निवडलेल्या तिघांपैकी एका मुलीचं. मुलाखतीतल्या त्या बाईंनी तिला आमच्या भिंतीबद्दल सांगितलं होतं. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये तिला काम करायचं होतं. दहा दिवस ती भिंत पाहायला मिळेल का, आणि जवळपास राहायची सोय होईल का? मी ते पत्र चार दिवस कपाटात ठेवलं. मग बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, पोर लांबून येणार, सोय कसली बघायची, घरात राहील.

ती आली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, सडपातळ, आमच्याशी हिंदीत बोलायची. मासे खात नव्हती, म्हणून आईनं दहा दिवस घरात सुकटही भाजलं नाही. माझ्याच खोलीत तिचा बिछाना घातला. ती वाईट असती, उर्मट असती, तर मला सोपं गेलं असतं. ती आईला भांडी घासायला मदत करायची आणि बाबांना प्रश्न विचारायची. सकाळी बरोबर सातला घड्याळ लावून बसायची, वीस मिनिटं झाली की उठायची, पुढच्या वाफ्याकडे जायची. माशी जाळीत धरून, तिच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका देऊन सोडायची. दुसऱ्या दिवशी तीच माशी परत फुलावर आली की मला हाक मारून दाखवायची. पाचव्या दिवशी तिला जेवढं कळलं होतं तेवढं मला तीन वर्षांत कळलं नव्हतं, आणि हे मी तिच्या शेजारी पाटावर बसून पाहत होते. बाबा तिला पाण्याच्या पाळ्या, वांग्याच्या जाती, कुठल्या वाड्यांत अजून मातीचे बांध आहेत, सगळं सांगत. तिनं ते लिहून घेतलं. बाबांचं बोलणं कुणी लिहून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या वह्यांत ते नव्हतं.

तिनं माझ्या वह्या मागितल्या. मी दिल्या. दोन दुपारी ती त्या वाचत बसली आणि परत देताना म्हणाली की यातलं वापरता येईल असं काही शोधत होते, पण वेळा नाहीत. मग म्हणाली, दीदी, इतका वेळ मी कधीच बसू शकले नसते. मला सांत्वन नको होतं.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी अर्नाळ्याला समुद्रावर गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासानं तिनं ओढणी नाकाला लावली होती. का कुणास ठाऊक, मी तिला शिफारसपत्राचं सांगितलं. ते मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. ते मीच लिहिलं होतं, आणि काय लिहिलं होतं, हेही. ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला आधी कळलं नाही.

“दीदी, माझंही मीच लिहिलं होतं,” ती म्हणाली. “मी लिहिलं की तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सरांनी अशी विद्यार्थिनी पाहिली नाही.”

“सरांनी सही केली?”

“वाचूनसुद्धा पाहिलं नाही.”

एखादी हसली असती तर दुसरीही हसली असती. कुणी हसलं नाही. तिनं हळूच विचारलं की मी रागावले का. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. राग यायला समोर कुणीतरी लागतं. तिनं खोटं लिहिलं होतं असंही म्हणता येईना. दहा दिवस तिचं काम पाहिल्यावर मला ते वाक्य फारसं चुकीचं वाटत नव्हतं. माझं पत्रही खोटं नव्हतं. तिच्या जागी मी असते तरी मी ‘समाधानकारक’च लिहिलं असतं, पुन्हा पुन्हा लिहायला दिलं असतं तरी. हे कळणं हीच त्या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट होती. वेळा लिहायला मी शिकले असते, दोन जाती ओळखायला शिकलेच होते. पण त्या लाजणाऱ्या हाताचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि ते शिकवणारी संस्था कुठे नव्हती.

परतताना ती एस.टी.त माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

त्यानंतर मी आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून उत्तर आलं नाही. दुसरीकडे वयात सवलत मिळेल असं कळलं होतं. त्यासाठी सरांचं नवं पत्र हवं होतं. सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी फोन केला, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, लिहून आण. मी कोरा कागद घेऊन दोन संध्याकाळी बसले. मग मुदत गेली. मुदत गेल्याचं मला माहीत होतं आणि तरी मी दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन, आता टाकलं तर कधी पोचेल, असं विचारून आले.

बाबांचे गुडघे गेले तशी वांगी बंद झाली. वांगी गेल्यावर माश्या कमी झाल्या, की आजूबाजूचे बांध सिमेंटचे झाले म्हणून कमी झाल्या, हे मला सांगता येणार नाही. तेव्हा मी मोजत नव्हते. भिंतीवर झावळ्या घालायला बाबांना चढवेना. मी एका वर्षी घातल्या. पुढच्या वर्षी पेपर तपासायचे होते. ती एकदम पडली नाही. दोन पावसाळ्यांत थोडी थोडी खाली बसली, आणि उरलेली माती आईनं केळीच्या बुंध्याशी टाकून घेतली. बाबा ओटीवरून बघत होते. एकदाच, बऱ्याच दिवसांनी, जेवताना म्हणाले, “ती पोर आपलं सगळं लिहून घेऊन गेली ना, मग झालं.” त्यांना मला धीर द्यायचा होता. मी भात कालवत राहिले.

ज्युनिअर कॉलेजातली माझी जागा शेवटी कायम झाली, तेव्हा मला पस्तिसावं लागलं होतं. घरात पेढे आले. कार्यालयात चार पानांचा फॉर्म भरायचा होता: जन्मतारीख, शिक्षण, आधीची सेवा. तिसऱ्या पानावर ‘संशोधन अनुभव’ असा रकाना होता, त्यात चांगल्या पाच-सहा ओळींची जागा सोडलेली होती. मी पेन टेकवून थोडी थांबले. कारकून बाई समोरच बसल्या होत्या. त्यांना वाटलं मला शब्द अडलाय. काही नसेल तर ‘निरंक’ लिहा मॅडम, त्या म्हणाल्या, रकाना रिकामा सोडला की वरून फॉर्म परत येतो.

मी निरंक लिहिलं. त्यांनी पान उलटून खालची सही तपासली, शिक्का मारला, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.